पहिला क्रमांक कोणाचा? अली, फ्रेझर, फोरमन आणि मागे राहिलेला नॉर्टन

रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी जमतो, हे बडोद्यातल्या बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. चहा येईपर्यंत पेपर वाचायचे आणि चहा आला की वाद घालायचा, असा आमचा शिरस्ता. २०२५ च्या मार्चमध्ये जॉर्ज फोरमन गेल्याची बातमी आली, त्या रविवारी जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. जो फ्रेझर २०११ मध्ये गेला, केन नॉर्टन २०१३ मध्ये, मुहम्मद अली २०१६ मध्ये. फोरमन त्या चौकडीतला शेवटचा. मग साहजिकच प्रश्न निघाला, की सत्तरच्या दशकातल्या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांत पहिला क्रमांक कोणाचा?

आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी पेपरच्या समासात यादी लिहिली : अली, फोरमन, फ्रेझर, नॉर्टन. शेजारी बसलेल्या, कारखान्यात जन्म काढलेल्या गृहस्थांनी लगेच त्यांच्या हातातले पेन घेतले. "अहो सर, फ्रेझरनं अलीला हरवलं. त्या फ्रेझरला फोरमननं दोन फेऱ्यांत आडवं केलं. मग फोरमन पहिला नको?" सर म्हणाले, "आणि अलीनं फोरमनला आठव्या फेरीत पाडलं, ते कुठं गेलं?" मग दोघेही आमच्याकडे बघू लागले. आम्ही बी.कॉम., त्यात पस्तीस वर्षे बँकेत. आकड्यांची गोष्ट आली की निवाडा आमच्याकडे येतो. त्या दिवशी आम्ही तो दिला नाही. हा लेख म्हणजे तो राहून गेलेला निवाडा समजावा. घरातल्या तरुण मंडळींनाही समजावे म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

मुष्टियुद्धात लढती वजनगटांप्रमाणे होतात. प्रत्येक गटाला वजनाची वरची मर्यादा असते. हेवीवेटला मात्र वरची मर्यादा नाही, फक्त खालची आहे. त्या काळी १७५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ७९ किलोंच्या वरचे सगळे हेवीवेट. पुढे १९८० च्या सुमारास मध्ये क्रूझरवेट हा गट आला, आणि आता ही रेषा २०० पौंडांवर, म्हणजे साधारण ९१ किलोंवर आहे. त्यामुळे या गटात ठेंगणा-दणकट आणि उंच-लांब हाताचा असे अगदी वेगळ्या बांध्याचे लोक एकमेकांसमोर येतात. वाद इथेच जास्त का रंगतो, त्याचे एक कारण हे.

बडोद्याच्या मराठी माणसाला खरे तर हे नवे नाही. याच गावात द. चिं. मजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे खंड काढले; आमच्या वडिलांच्या पिढीत आखाड्याला न गेलेला मुलगा विरळा. जुन्या दंगलीत 'जोड लावणे' हे मोठे जोखमीचे काम असे. वस्ताद मंडळी पैलवानाचे वय, अंगलट, दम आणि मागच्या कुस्त्या बघून कोणाला कोणासमोर सोडायचे ते ठरवीत. जोड चुकली की प्रेक्षक उठून ओरडत. मुष्टियुद्धातली क्रमवारी म्हणजे तरी दुसरे काय? कोणाची जोड कोणाशी, आणि विजेतेपदाची कुस्ती कोणाला मिळायची, हे कागदावर आधी ठरवणे.

आता मूळ नोंदी पाहू. १९६७ च्या एप्रिलमध्ये अलीने व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात जायला नकार दिला. त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि साडेतीन वर्षे त्याला लढू दिले नाही. त्या काळात फ्रेझर वर आला. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे समोरासमोर आले तेव्हा दोघेही अपराजित होते. लढत पूर्ण पंधरा फेऱ्या चालली. शेवटच्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने अली पाठीवर पडला, उठला, पण लढत फ्रेझरने जिंकली. निकाल देणारे तिघे होते. एकाने फेऱ्यांची वाटणी ८-६ आणि एक बरोबरीत अशी दिली, दुसऱ्याने ९-६, तिसऱ्याने ११-४. विजेता तिघांनाही एकच दिसला, पण एकाच्या मते लढत अटीतटीची आणि दुसऱ्याच्या मते जवळजवळ एकतर्फी! रिंगच्या कडेला बसलेल्यांची ही कथा, मग पन्नास वर्षांनी वाचनालयात बसलेल्यांची काय असणार?

२२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले आणि लढत थांबवावी लागली. त्याच वर्षी ३१ मार्चला सॅन डिएगोत केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. सप्टेंबरमध्ये अलीने परतफेड केली, पण निकाल विभागून. १९७४ च्या जानेवारीत अलीने फ्रेझरला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवले. मार्चमध्ये काराकासला फोरमनने नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत संपवले. म्हणजे अलीला हरवणारे जगात दोनच माणसे होती, आणि त्या दोघांनाही फोरमनने मिळून चार फेऱ्यासुद्धा टिकू दिले नव्हते.

त्यामुळे ३० ऑक्टोबर १९७४ ला झैरेच्या किन्शासा शहरात अली आणि फोरमन उभे राहिले, तेव्हा आमच्या कारखानदार मित्राचे गणितच जगातल्या बहुतेक जाणकारांचे गणित होते. फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीसपैकी चाळीस लढती जिंकलेला, त्यातल्या सदतीस वेळेआधी संपवलेल्या. अली बत्तिसावा ओलांडलेला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. लढत बघायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. रेडिओवरच्या बातम्यांत निकाल ऐकला आणि पेपरात फोटो आला तो नंतर. अली जिवंत परत आला तरी पुष्कळ, असे बोलणारे मोठे लोक आम्ही घरात ऐकले होते. प्रत्यक्षात अली दोरांवर रेलून फोरमनचे ठोसे हातांवर आणि दंडांवर घेत राहिला, मधूनमधून सरळ चेहऱ्यावर मारत राहिला, आणि आठव्या फेरीच्या शेवटी फोरमन कोसळला.

म्हणजे त्रिकोण पुरा झाला. फ्रेझर अलीला भारी, फोरमन फ्रेझरला भारी, अली फोरमनला भारी. बेरीज-वजाबाकीत 'अ' मोठा 'ब'पेक्षा आणि 'ब' मोठा 'क'पेक्षा, तर 'अ' मोठा 'क'पेक्षा असतो. मुष्टियुद्धात तो नियम लागत नाही, आणि याचे कारण दैव नव्हे, लढण्याची ढब हे आहे.

फ्रेझर सहा फुटांच्या आतला. लांबून लढला तर त्याचा हात पोचणार नाही, म्हणून तो वाकून, डोके हलवत, सतत पुढे सरकत अंगाशी भिडायचा आणि डावा हुक टाकायचा. अलीचे बळ अंतर राखण्यात. मागे-मागे जाणारा आणि हात खाली ठेवणारा अली त्या हुकच्या वाटेत यायचा. म्हणून त्यांच्या तिन्ही लढती जीवघेण्या झाल्या. तिसरी, १ ऑक्टोबर १९७५ ची मनिलातली, चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फुच यांनी थांबवली. फ्रेझरचे डोळे सुजून बंद होत आले होते. पण हाच फ्रेझर फोरमनसमोर त्याच पद्धतीने वाकून पुढे जाई, तेव्हा तो आपणहून खालून येणाऱ्या अपरकटवर डोके नेऊन ठेवी. फोरमन दोन्ही हातांनी त्याला ढकलून हवे त्या अंतरावर आणायचा आणि मारायचा. १९७६ मध्ये ते पुन्हा लढले, आणि फोरमनने पाचव्या फेरीत काम आटोपले. आता अलीकडे या. तो वाकत नव्हता, पुढे धावत नव्हता. त्याच्या डोक्यावर फोरमनला ढकलता येत नव्हते, उलट अलीच त्याची मान धरून वजन टाकत होता. शिवाय फोरमनला लांबलेल्या लढतींची सवयच राहिली नव्हती. सगळे पैसे पहिल्या दोन फेऱ्यांत खर्च करणाऱ्या माणसाची आठव्या फेरीत जी स्थिती होते, ती झाली.

मग क्रमांक लावायचा कसा? इथे आमचे जुने शिक्षण कामाला येते. ताळेबंद हा एका तारखेचा असतो. नफा-तोटा पत्रक हे कालावधीचे असते. दोन्ही खरे, पण एकाचा आकडा दुसऱ्यात टाकता येत नाही. ९ मार्च १९७१ च्या सकाळी पहिला क्रमांक फ्रेझरचा, त्यावर दुमत होऊ नये. २३ जानेवारी १९७३ ला तो फोरमनचा. ३१ ऑक्टोबर १९७४ ला अलीचा. हे तीन ताळेबंद. सरांनी दशकभराचे पत्रक मांडले होते आणि मित्र त्यांना ताळेबंद दाखवून खोटे पाडत होते. दोघेही बरोबर होते, म्हणून वाद संपत नव्हता.

दुसरी गोष्ट, नुसती येणी मोजून भागत नाही, ती कोणाकडून आहेत ते बघावे लागते. फोरमनच्या किन्शासापूर्वीच्या चाळीस विजयांत फ्रेझर, नॉर्टन आणि आणखी दोन-चार नावे सोडली तर पुष्कळ नावे आज कोणाला आठवणार नाहीत. अलीच्या खात्यात फ्रेझर दोनदा, नॉर्टन दोनदा, फोरमन, क्वॉरी दोनदा, रॉन लाइल, अर्नी शेव्हर्स. मात्र अलीच्या खात्यात संशयित येणीही आहेत, हे आमच्यासारख्या अलीभक्ताने कबूल केले पाहिजे. १९७६ च्या एप्रिलमध्ये जिमी यंगविरुद्धचा विजय आणि सप्टेंबरमध्ये नॉर्टनविरुद्धचा तिसऱ्या लढतीतला विजय, दोन्ही बघणाऱ्यांपैकी अनेकांना पटले नाहीत. बँकेत अशा येण्यांसाठी तरतूद करून ठेवतात. आम्ही ते दोन्ही विजय अर्ध्या किमतीने धरले. तरीही अली वर राहतो.

पण आम्हाला या प्रकरणात खरी हळहळ वाटते ती पहिल्या क्रमांकाची नाही, नॉर्टनची.

नॉर्टन आणि अली तीनदा लढले, मिळून एकोणचाळीस फेऱ्या. पहिली नॉर्टनने जिंकली, पुढच्या दोन अलीने. नॉर्टन दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरायचा, त्यामुळे अलीचा डावा हात वाटेतच अडायचा, आणि अली जॅब टाकायला हात लांब करी त्याच क्षणी हाही जॅब टाकायचा. हे शिकवणारे प्रशिक्षक पुन्हा तेच एडी फुच. २८ सप्टेंबर १९७६ ची यँकी स्टेडियममधली तिसरी लढत चौदा फेऱ्यांनंतर जवळजवळ बरोबरीत होती. आपण पुढे आहोत अशा समजुतीने नॉर्टनने शेवटची फेरी जपून काढली. दोन परीक्षकांनी ती फेरी अलीला दिली आणि त्यांची वाटणी झाली ८-७. एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर नॉर्टन रिंगमध्ये अलीला हरवून विश्वविजेता झाला असता.

पुढचे आणखी चमत्कारिक. १९७८ च्या फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्स या नवख्याने अलीला हरवले. डब्ल्यूबीसी या संघटनेच्या क्रमवारीत पहिला आव्हानवीर नॉर्टन होता, कारण आदल्या नोव्हेंबरात त्याने जिमी यंगला हरवले होते. स्पिंक्सने नॉर्टनऐवजी अलीशीच पुन्हा लढायचे ठरवले. त्यात पैसा जास्त होता. तेव्हा संघटनेने स्पिंक्सचा किताब काढून घेतला आणि यंगवरच्या त्या जुन्या विजयाच्या आधारे नॉर्टनला विजेता जाहीर केले. रिंगमध्ये न उतरता, कागदावर. त्याच वर्षी ९ जूनला लास व्हेगासमध्ये लॅरी होम्सने तो किताब त्याच्याकडून घेतला. पंधरा फेऱ्यांनंतर दोन परीक्षकांनी १४३-१४२ असे होम्सला दिले, तिसऱ्याने त्याच आकड्याने नॉर्टनला. एका गुणाची गोष्ट. नॉर्टनने विजेतेपदाच्या लढती तीन केल्या, फोरमन, अली आणि होम्सशी, तिन्ही हरला. तरी विश्वविजेत्यांच्या यादीत त्याचे नाव आहे.

आमच्या एका सहकाऱ्याची आठवण येते. शाखा व्यवस्थापकाचे काम त्याने दोन ठिकाणी 'प्रभारी' म्हणून केले, आणि प्रत्येक वेळी कायमची नेमणूक होताना यादीत त्याच्यावर कोणीतरी निघाला. सेवाज्येष्ठता धरली की गुण कमी आणि गुण धरले की ज्येष्ठता कमी. शेवटी पत्र मिळाले ते निवृत्तीला आठ महिने असताना. पेढे वाटले, पण चेहरा काही खुलला नाही. नॉर्टनचे वाचले तेव्हा तो चेहरा डोळ्यांसमोर आला.

तेव्हा क्रमवारी हा नुसत्या कट्ट्यावरचा खेळ नाही. पहिला आव्हानवीर ठरला की विजेत्याशी लढण्याचा हक्क मिळतो, आणि त्या एका लढतीत आयुष्याची कमाई असते. असा हक्क वाटणाऱ्या मोठ्या संघटना आज चार आहेत : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. शेवटच्या दोन ऐंशीच्या दशकात निघाल्या. प्रत्येकीचा विजेता वेगळा असू शकतो, प्रत्येकीची यादी वेगळी. विजेतेपदाच्या लढतीला मान्यता देताना या संघटना योद्ध्यांच्या मानधनातून ठरावीक शुल्क घेतात. म्हणजे ज्याचे मानांकन करायचे त्याच्याच खिशातून उत्पन्न! कर्जरोखे काढणाऱ्या कंपनीकडून फी घेऊन त्याच कंपनीला पतमानांकन देणाऱ्या संस्थांशी आमचा बँकेत संबंध आला होता, त्यामुळे या व्यवस्थेचे आम्हाला नवल वाटले नाही.

मासिकाने केलेली क्रमवारी तरी स्वच्छ असेल, असे कोणी म्हणेल. १९२२ पासून निघणाऱ्या 'द रिंग' या अमेरिकन मासिकाची क्रमवारी वर्षानुवर्षे प्रमाण मानली जाई. १९७७ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर एक मोठी स्पर्धा सुरू झाली आणि त्यातले योद्धे या मासिकाच्या क्रमवारीवरून निवडले गेले. थोड्याच दिवसांत उघड झाले, की काही योद्ध्यांच्या नावावर कधी न झालेल्या लढतींचे विजय चढवलेले होते. वाहिनीने स्पर्धाच थांबवली. आमच्या भाषेत सांगायचे तर खातेवहीत बनावट जमा नोंदी. आम्ही ही हकिकत रविवारी सांगितली तेव्हा सर्वांत जास्त वेळ शांतता त्याच वेळी होती.

आज काय स्थिती आहे, असे मंडळातल्या एका तरुण सभासदाने विचारले. हेवीवेटमध्ये अलीकडच्या काळापुरते उत्तर सोपे निघाले. युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने १८ मे २०२४ रोजी रियाधला टायसन फ्युरीला हरवून चारही संघटनांचे पट्टे एकत्र केले, आणि डिसेंबरमध्ये त्याला पुन्हा हरवले. पण मधल्या काळात नॉर्टनची गोष्ट वेगळ्या नावाने घडलीच. उसिकने फ्युरीशी दुसरी लढत घ्यायची म्हणून आयबीएफचा पट्टा सोडला आणि तो ब्रिटनच्या डॅनियल ड्युबॉला मिळाला. हा तोच ड्युबॉ, ज्याला उसिकने २०२३ मध्ये हरवले होते. ड्युबॉने मात्र सप्टेंबरमध्ये अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत पाडून आपण फक्त कागदी विजेते नाही हे दाखवले. शेवटी १९ जुलै २०२५ ला लंडनच्या वेंब्लीवर उसिक आणि ड्युबॉ पुन्हा समोर आले आणि उसिकने पाचव्याच फेरीत निकाल लावला. त्या दिवसाचा ताळेबंद आणि मागच्या काही वर्षांचे पत्रक, दोन्हींत वर एकच नाव. असे फार क्वचित घडते.

आता आमचा निवाडा. सत्तरच्या दशकाचे पत्रक धरून पहिला अली. दुसरा फोरमन, हे जरा नाइलाजाने. मन फ्रेझरकडे ओढते, कारण ८ मार्च १९७१ च्या तोडीचा विजय फोरमनच्या खात्यात त्या दशकात नाही, आणि १९७७ मध्ये जिमी यंगकडून तो हरला तेही धरायला हवे. (पंचेचाळिसाव्या वर्षी, १९९४ मध्ये, त्याने पुन्हा विजेतेपद मिळवले तो पराक्रम मोठा, पण तो या खात्यात टाकता येत नाही.) तरी एकाच माणसाने दुसऱ्याला दोनदा समोरासमोर, दोन्ही वेळा वेळेआधी हरवले असेल, तर त्याला त्याच्याखाली ठेवायला आमचा हात धजत नाही. म्हणून फ्रेझर तिसरा. नॉर्टन चौथा.

ही यादी आम्ही गेल्या रविवारी वाचून दाखवली. सर खूश झाले, कारण ती त्यांचीच निघाली. कारखानदार मित्र मात्र चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "लॅरी होम्स कुठं गेला? त्यानं नॉर्टनला हरवलं, अलीला तर खुर्चीवरून उठू दिलं नाही!" आम्ही सांगितले, होम्स-अली लढत २ ऑक्टोबर १९८० ची, अली तेव्हा अडतीस वर्षांचा, आणि मुख्य म्हणजे ती सत्तरच्या दशकात येत नाही. त्यावर ते म्हणाले, दशक एकपासून दहापर्यंत मोजायचे असते, म्हणजे १९८० हे सत्तरच्या दशकाचेच शेवटचे वर्ष. सरांनी कॅलेंडर मागवले आहे. पुढच्या रविवारी दहा वाजता बसणार आहोत, ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे.